पारलिंगी स्त्रीला तिच्या लैंगिक कलाविषयी कसे विचारावे आणि कसे नोंदवावे

पारलिंगी स्त्री, म्हणजे जन्मनोंदीत मुलगा असलेली पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे येते, तेव्हा दोन प्रश्नांची गल्लत हमखास होते. ती स्वतःला कोण मानते, हा लिंगओळखीचा प्रश्न. तिचे मन आणि शरीर कोणाकडे ओढले जाते, हा लैंगिक कलाचा प्रश्न. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येत नाही, आणि तसे काढण्याच्या सवयीने अनेक स्त्रियांचे उपचार आणि आयुष्याची उमेदीची वर्षे वाया गेली आहेत. पुढील सूचना मुख्यतः समुपदेशक, डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यासाठी आहेत. घरच्या माणसांनाही त्यांचा उपयोग व्हावा.

प्रथम कल कशाच्या आधारे सांगायचा, हे निश्चित करावे. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती पुरुषावर प्रेम करत असेल, तर तिचा कल भिन्नलैंगिक आहे. ती स्त्रीवर प्रेम करत असेल, तर समलैंगिक. काही जणी उभयलैंगिक असतात, काहींना कोणाविषयीच शारीरिक ओढ वाटत नाही. आधार तिच्या आजच्या ओळखीचा, जन्मनोंदीचा नव्हे. पुरुषाबरोबर राहणाऱ्या पारलिंगी स्त्रीला ‘गे’ म्हणणे म्हणजे तिचे स्त्रीत्व एका शब्दात नाकारणे होय. पारलिंगी स्त्रियांना पुरुषच आवडत असणार, हा समजही सोडून द्यावा. अमेरिकेत २०१५ साली झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात २७,७१५ पारलिंगी व्यक्तींनी भाग घेतला होता. त्यांतील पारलिंगी स्त्रियांपैकी स्वतःला भिन्नलैंगिक म्हणवणाऱ्या सुमारे एक पंचमांशच होत्या.

ही गल्लत वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ मुरलेली होती. बर्लिनचे डॉक्टर आणि लैंगिकतेचे अभ्यासक माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० सालीच दुसऱ्या लिंगाचा पेहराव करण्याची ओढ आणि समलैंगिकता या वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखवून दिले होते. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक दवाखाने उपचार मागणाऱ्या स्त्रीकडून ‘मला पुरुषच आवडतात आणि पुढे पुरुषाशीच संसार करायचा आहे’ अशा उत्तराची अपेक्षा ठेवत. बायकोवर प्रेम असल्याचे प्रामाणिकपणे सांगणारीला नकार मिळे. साहजिकच स्त्रिया डॉक्टरांना हवी ती उत्तरे पाठ करून जाऊ लागल्या, त्या उत्तरांवर निदान होत राहिले आणि मूळ समज आणखी पक्का झाला. टोरोंटोचे मानसशास्त्रज्ञ रे ब्लँचर्ड यांनी १९८० च्या दशकात पारलिंगी स्त्रियांचे त्यांच्या कलावरूनच दोन प्रकार पाडले. त्यांच्या मांडणीचे समर्थक आजही आहेत. पण स्त्रियांकडे ओढ असणाऱ्या पारलिंगी स्त्रीच्या ओळखीमागे कामोत्तेजना असल्याचे गृहीत धरणारी ही मांडणी समोरच्या व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या कथनाला संशयित ठरवते, आणि म्हणून समुपदेशनाच्या खोलीत ती बाळगू नये असे माझे ठाम मत आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत कलानुसार उपप्रकार नोंदवण्याची सोय होती. २०१३ च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. लिंगओळखीचे निदान करताना कल विचारात घेण्याचे आता कारणच उरलेले नाही.

त्यामुळे पहिल्या भेटीत कलाविषयी विचारूच नये, ती आपणहून बोलली तर ऐकावे. विचारण्याची वेळ येईल तेव्हा कारण आधी सांगावे: ‘तुमच्या नात्यांविषयी विचारते आहे, कारण घरी कोणाचा आधार आहे हे मला समजून घ्यायचे आहे. उत्तर द्यायलाच हवे असे नाही, आणि उत्तर काहीही असले तरी तुमच्या उपचारांवर त्याचा परिणाम होणार नाही.’ हे शेवटचे वाक्य अवश्य म्हणावे, कारण चुकीच्या उत्तराने दार बंद होईल ही भीती आजही अनेकींच्या मनात असते. ‘तुम्हाला कोणाविषयी ओढ वाटते, की तसे फारसे वाटत नाही?’ असा मोकळा प्रश्न ‘बॉयफ्रेंड आहे का?’ या प्रश्नापेक्षा चांगला. ‘बायका आवडतात, तर मग पुरुष म्हणूनच का राहत नाही?’ हा प्रश्न मात्र कोणत्याही रूपात विचारू नये. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या अन्य कोणत्याही स्त्रीला आपण तो विचारत नाही.

लैंगिक आरोग्याची तपासणी असेल तर कलाच्या नावावरून जोखीम ठरवू नये. ‘लेस्बियन’ एवढे ऐकून एचआयव्हीची चाचणी टाळणे जितके चूक, तितकेच पारलिंगी आहे म्हणून ती देहविक्रय करत असेल असे गृहीत धरणे. शरीराचे कोणते अवयव आहेत, संबंध कोणत्या प्रकारचे असतात, निरोध वापरला जातो का, हे थेट आणि सभ्य शब्दांत विचारावे. अवयवांसाठी ती जे शब्द वापरते तेच आपणही वापरावेत.

हार्मोन उपचार सुरू झाले की कलाचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधे घेताना अनेकींची कामेच्छा कमी होते, याची कल्पना आधीच द्यावी. इच्छा ओसरणे म्हणजे कल बदलणे नव्हे. काही जणींना मात्र उपचारांच्या काळात आपली ओढ निराळ्या दिशेला वळल्याचे जाणवते, काहींना पूर्वी दडपलेली ओढ मान्य करण्याचे धैर्य येते, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत काहीच बदलत नाही. यांपैकी काहीही घडले तरी ‘मग आधीचे खोटे होते का?’ असा निष्कर्ष काढू नये. अपत्याची इच्छा आहे का, हेही हार्मोन सुरू करण्यापूर्वीच विचारावे, म्हणजे शुक्राणू साठवण्याचा पर्याय तिच्या हाती राहतो. येथेही जोडीदार कोण आहे यावरून तिची इच्छा गृहीत धरू नये.

महाराष्ट्रात काम करताना आणखी एक भान हवे. हिजडा समाजात किंवा स्वतःला कोती (पुरुषांकडे ओढ असणारी, स्त्रीसारखी वागणारी व्यक्ती) म्हणवणाऱ्यांमध्ये ओळख आणि ओढ या दोन गोष्टी अनेकदा एकाच अनुभवाचे अंग म्हणून सांगितल्या जातात. ‘मी कोती, माझा पंथी’ (पंथी म्हणजे कोतीचा पुरुष जोडीदार) या बोलण्यात दोन्ही उत्तरे एकत्र येतात. अशा व्यक्तीला आपले दोन रकाने समजावत बसू नये. ते आपली समज नीट राहावी म्हणून आहेत, तिचे आयुष्य दुरुस्त करण्यासाठी नाहीत.

घरच्यांशी बोलताना त्यांची नेमकी भीती ओळखावी. ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ असे आईवडील म्हणतात, तेव्हा मुलीशी शरीरसंबंध आला की आपले हे मूल ‘पुरुष’ बनेल असे त्यांच्या मनात असते. त्यांना सांगावे की आपल्या लेकीला मुली आवडत असल्या तरी ती मुलगीच राहील, आणि अशा लग्नात दुसऱ्या घरच्या मुलीचीही फसवणूक होईल. कोणी कल किंवा ओळख ‘बदलून’ देण्याचे आश्वासन देत असेल, तर मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशा तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावे. पारलिंगी स्त्री आधीच विवाहित असेल तर तिच्या पत्नीसाठी वेगळ्या समुपदेशकाची सोय करावी; पत्नीचे प्रश्न खरे असतात आणि त्यांना स्वतंत्र जागा लागते.

कायद्याच्या बाबतीत मात्र कल आणि ओळख एकत्र पाहावी लागतात. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख आणि लैंगिक कल यांची स्वतंत्र व्याख्या सांगितली. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलैंगिक विवाहाला मान्यता नाकारताना, भिन्नलैंगिक नात्यातील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली विवाहाचा अधिकार असल्याचे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे पुरुषाशी विवाह करू इच्छिणाऱ्या पारलिंगी स्त्रीचा मार्ग आणि स्त्रीसोबत संसार करू इच्छिणारीचा मार्ग वेगळे पडतात, आणि दुसरीने कागदपत्रांतील लिंगनोंद बदलण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

नोंदवहीत लिंगओळख आणि कल स्वतंत्र ओळींवर, तिच्याच शब्दांत आणि तारखेसह लिहावेत. पुढे उत्तर बदलले तर जुने न खोडता नवे खाली लिहावे. तिने सांगितले नसेल तर ‘सांगितलेले नाही’ एवढेच लिहावे. ओळखपत्रासाठी, हार्मोनसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी पत्र द्यायचे झाल्यास त्यात कलाचा उल्लेख करू नये, आणि पत्र पाठवण्यापूर्वी ते तिला वाचायला द्यावे.