राजगड-तोरणा-रायगड रेंज ट्रेक, आणि ग्रुपमध्ये एक नवीन भिडू

राजगड-तोरणा-रायगड, म्हणजे तीन किल्ले सलग चालत करायचा ट्रेक, ठरला की कुठून तरी एक नवीन माणूस उगवतोच, ऑफिसातला, जिममधला नाहीतर मित्राचा मित्र, आणि म्हणतो मला पण यायचंय. घ्या की, का नाही घ्यायचं. फक्त एक लक्षात ठेवा की तो दमणार याचं काही टेन्शन नाही, दमतात सगळेच, खरी अडचण ही की तो सांगत नाही. जुन्या मंडळींना एकमेकांना शिव्या घालत "थांब रे जरा" म्हणता येतं, नवीन माणूस मात्र आपल्यामुळे सगळे खोळंबले असं वाटायला नको म्हणून टाच सोललेली असली तरी गप्प चालत राहतो, पाणी संपलं तरी मागत नाही, आणि मग तोरण्याच्या अलीकडे दुपारी तीन वाजता एकदम बसकण मारतो. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्याला वेळेवर तोंड उघडता यावं यासाठी आहे असं समजा.

निघायच्या आधी

फोनवर "तुझा स्टॅमिना कसा आहे" विचारू नका, सगळे चांगलाच आहे म्हणतात. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधी त्याला कात्रज-सिंहगडला घेऊन जा. टेकड्यांचा चढ-उतार तिथे संपतच नाही आणि राजगड-तोरणा सोंडेवर (दोन्ही किल्ल्यांना जोडणाऱ्या डोंगरधारेवर) जे होतं त्याची बऱ्यापैकी चव येते. मुंबईकरांनी खांडसवरून गणेश घाटाने भीमाशंकर करावं. पण सॅक भरलेली हवी हं, टेंट, कॅरी मॅट, तीन लिटर पाणी, सगळं. रिकाम्या पाठीने पळणारे बरेच असतात आणि तेच लोक आठ-नऊ किलो पाठीवर आलं की खांदे चोळायला लागतात. त्या ट्रेकला तो किती फास्ट चालतो हे बघू नका, त्याने किती वेळा स्वतःहून थांबायला सांगितलं ते बघा. एकदाही नाही म्हणजे गडबड आहे.

बूट नवे कोरे घालून येणार असेल तर सरळ नाही म्हणा. ॲक्शनचे साधे ट्रेकिंग बूट सह्याद्रीच्या कातळावर मस्त पकड घेतात, फार महागही नसतात, पण तेसुद्धा महिनाभर आधी घेऊन घरापासून स्टेशनपर्यंत वापरलेले पाहिजेत. भारीतले परदेशी बूट घेतलेत म्हणून कोणी खूश असेल तर त्याला आधी एखाद्या गुळगुळीत कातळावर उभं करून बघा.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात ही रेंज नव्या माणसाला घेऊन करूच नका, सोंडेवर धुक्यात वाट हरवते आणि नाळेतून (घाटावरून कोकणात उतरणारी दगडी घळ) पाणी वाहत असतं. मार्चनंतर ऊन आणि पाण्याची बोंब.

कॉमन सामान वाटताना लोक दोनपैकी एक चूक करतात, एकतर नवीन आहे म्हणून स्टोव्ह आणि भांडी त्याच्या गळ्यात मारतात, नाहीतर पाहुण्यासारखं काहीच देत नाहीत. माझं मत विचाराल तर खाऊची पिशवी त्याच्याकडे द्या. चिक्की, खजूर, थेपले, गूळ-शेंगदाणे, इलेक्ट्रालची पाकिटं असं सगळं. वजन दर थांब्याला कमी होत जातं, आणि प्रत्येकाला त्याच्याकडे यावंच लागतं, त्यामुळे दोन तासांत तो सगळ्यांशी बोलायला लागतो. फर्स्ट एड मात्र जुन्या माणसाकडेच असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या रेंजवरून मधेच बाहेर पडायला तीन चांगल्या जागा आहेत आणि त्या त्याला घरी असतानाच मॅपवर दाखवून ठेवा. पहिली, राजगड आणि तोरण्याच्या मधे सोंड जिथे डांबरी रस्ता ओलांडते ती खिंड, तिथून वेल्ह्याकडे, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याच्या गावाकडे, उतरता येतं. दुसरी, तोरण्यावरून बिनी दरवाज्याने थेट वेल्हे, खाली एसटी मिळते. तिसरी मोहरी गाव, तिथपर्यंत गाडीरस्ता आलाय, जीप बोलावता येते. मोहरीच्या पुढे नाळ उतरायला लागलात की मग कोकणातच पोचायचं, परत फिरणं लई जीवावर येतं. हे तीन पॉइंट सांगून वर स्पष्ट म्हणा, की या तिन्ही ठिकाणी तुला पुढे यायचंय का असं विचारणार, सोडलास तर आमच्यातला एक जण तुझ्यासोबत उतरेल आणि कोणी तोंड वाकडं करणार नाही. सोबत उतरणारा कोण ते नाव आधीच ठरवा. गंमत म्हणजे असं सांगितलं की बहुतेक लोक सोडत नाहीत.

घरच्यांचा नंबर, रक्तगट, दमा-बीपी-शुगर काही आहे का, कुठल्या गोळीची ॲलर्जी, हे खाजगीत विचारा, ग्रुपवर नको, ग्रुपवर कोणी खरं लिहीत नाही. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवायला लावा, कारण वाटेत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि नेमकी जिथे मिळेल तिथे गुगल करत बसायला वेळ नसतो.

पहिला दिवस

पुण्याहून नसरापूर फाटा, मार्गासनी करत गुंजवणे. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट जवळची पण खडी, शेवटी रेलिंग धरून कातळ चढायचा. पाली दरवाज्याची वाट गुंजवण्यातून नाही, वाजेघर-पालीकडून आहे, लांबची, पण चांगल्या रुंद पायऱ्या आहेत. नवीन माणूस आणि भरलेली सॅक असेल तर मी डोळे झाकून पाली दरवाजाच घेईन. पहिल्याच दिवशी त्याला घाबरवून काय मिळणार आहे.

चालण्याचा क्रम असा ठेवा की वाट माहीत असलेला पुढे, त्याच्या मागे लगेच नवीन माणूस, आणि सगळ्यात शेवटी एक भक्कम जुना. नव्याला शेवटी कधीच ठेवू नका. शेवटच्या माणसाचं काय होतं, पुढचे थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, हा धापा टाकत पोचतो आणि तोवर पुढचे "चला" म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. दोन नंबरला असला की पुढचा आपोआप त्याच्या स्पीडने चालतो.

पहिल्या पाऊण तासात एक सक्तीचा थांबा घ्या आणि सगळ्यांनी बूट काढायचे, एकट्या त्याने नाही, सगळ्यांनी. टाचेवर किंवा करंगळीच्या बाजूला कुठे लालसर, गरम लागतंय का ते बोटाने दाबून बघायला सांगा. लागत असेल तर घाम पुसून जागा पूर्ण कोरडी करायची आणि त्यावर कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची, कडा कात्रीने गोल कापल्या तर मोज्यात अडकून सुटत नाही. फोड आल्यावर करायचं काम नाही हे, फोड यायच्या आधीच करायचं. पाच मिनिटं लागतात. एकदा फोड फुटला की पुढचे दोन दिवस तो माणूस लंगडणार आणि लंगडत चालल्यामुळे दुसऱ्या पायाचा गुडघा जाणार.

राजगडावर शनिवार-रविवारी ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी मिळते, सरळ घ्या, गावातल्या मावश्यांनी डोक्यावरून वर आणलेलं असतं, भाव करत बसू नका. वेळ असेल तर बालेकिल्ला करून या पण सॅक पद्मावती माचीवर कोणाच्या तरी ताब्यात ठेवून, कारण तो टप्पा चांगलाच खडा आहे आणि माकडं सॅकच्या चेन उघडण्यात तरबेज झालीत. मुक्कामाचं मात्र आधी विचारून घ्या, किल्ल्यावर राहायचे नियम बदलत असतात, नाहीतर पायथ्याला गावात राहून पहाटे चढायचा प्लॅन करा.

सोंडेवरचा दिवस

संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघत अळू दरवाज्यापाशी यायचं आणि तिथून खाली सोंडेवर. समोर तोरणा दिसतो आणि अगदी जवळ वाटतो, नव्या माणसाला सांगून ठेवा की तो दुपारपर्यंत तेवढाच लांब दिसणार आहे. पाच-सहा तास धरतात लोक, तुम्ही सात-आठ धरा आणि उजाडताच निघा.

या टप्प्यात पाणी हाच खरा विषय आहे. मधे एखाद्या धनगराच्या घरी मिळतं, पण त्या भरवशावर निघायचं नाही, आणि उन्हाळ्याकडे तर तिथल्या माणसांनाच पाणी लांबून आणावं लागतं. माणशी चार लिटर घेऊन निघा. नवीन माणसं दोन गोष्टी करतात, एकतर पहिल्या तासात अर्धं पाणी संपवतात, नाहीतर बाथरूमला जायला लाजतात म्हणून पाणीच पीत नाहीत. दुसरं जास्त वाईट, डोकं दुखायला लागतं, पायात गोळे येतात. मुलगी नवीन असेल तर हे आणखीच, म्हणून दर दीड-दोन तासांनी एक मोठा ब्रेक जाहीर करायचा आणि "मुलं पुढे, मुली मागे" किंवा उलटं, एवढं बोलून टाकायचं, कोणाला वेगळं विचारायला लावायचं नाही. ग्रुपमध्ये दुसरी मुलगी असली तर बरंच सोपं जातं, पिरियडबद्दल वगैरे तिनेच आधी बोलून घ्यावं.

"ठीक आहेस ना?" हा प्रश्न बंद करा. त्याला उत्तर एकच येतं, हो. त्याऐवजी "बाटलीत किती उरलंय दाखव", "शेवटचं खाल्लंस कधी", "कुठला गुडघा दुखतोय, डावा का उजवा" असं विचारा. बडबडा माणूस अचानक गप्प झाला, सपाटीवर ठेचकाळायला लागला, किंवा जोक केल्यावर हसायला उशीर झाला, की थांबायचं, सावलीत बसवायचं, इलेक्ट्राल आणि काहीतरी खारट.

खिंडीत डांबरी रस्ता लागला की ठरल्याप्रमाणे पहिला प्रश्न विचारायचा. विचारताना बाकीच्यांनी जरा लांब बसा ना राव, पाच जण तोंडाकडे बघत असताना कोण नाही म्हणणार.

तोरण्याच्या बुधला माचीखाली कातळ आणि शिडी आहे. इथे एक जण वर, एक खाली, सॅक जड वाटत असेल तर काढून दोरीने वर घ्या, घाई नको. आग्या मोहोळ हा प्रकार सह्याद्रीत कुठेही भेटू शकतो, त्यामुळे परफ्यूम-डिओ ट्रेक संपेपर्यंत बंद, सिगारेट तर नाहीच. दगडावर हात टाकायच्या आधी बघायची सवय लावा, फुरसं दगडाखालीच असतं आणि रंगाने मातीत मिसळून जातं. रात्री मेंगाई देवीच्या देवळाजवळ बसून तोरण्यावरच्या भुताच्या गोष्टी सांगायची सगळ्यांना खाज असते, नवीन माणसाला रात्री एकट्याला बाहेर जायचं असतं हे लक्षात घेऊन त्या गोष्टी सकाळी सांगा.

तोरणा ते मोहरी

हा दिवस लांब आणि थोडा कंटाळवाणा, परत बुधला माचीवरून उतरून भट्टीकडे आणि पुढे वाड्या-वस्त्या करत मोहरी. ढोरवाटा इतक्या फुटतात की गावातल्या एखाद्या दादांना वाटाड्या म्हणून घ्याच, पैसे ठरवून घ्या आणि द्या. निघायच्या आधी तोरण्यावरच दुसरा प्रश्न विचारून झाला पाहिजे. कारण दोन दिवस झाले की अंग मोडून येतं, तिसऱ्या दिवशी सकाळी कोणाचाही मूड खराबच असतो, तेव्हा त्याचं "बघू" हे उत्तर चालवून घेऊ नका, हो किंवा नाही.

मोहरीत घरगुती जेवण आणि राहायची सोय होते, आधी फोन करून जा. संध्याकाळी अंगात जीव असेल तर रायलिंग पठाराच्या टोकापर्यंत जा, समोर लिंगाण्याचा सुळका असा उभा ठाकतो की तोंडातून शब्द फुटत नाही, आणि त्याच्या मागे रायगड.

नाळ

इथे निर्णय घ्यायचाय. बोराट्याची नाळ फेमस आहे, लिंगाण्याला खेटून उतरते, पण पूर्ण दगडधोंड्यांची आहे. सिंगापूरची (हे मोहरीजवळचं गाव) नाळ त्या मानाने सोपी, खाली दापोली गावात उतरवते (रत्नागिरीतली नाही, महाड तालुक्यातली). नव्याचे गुडघे कुरकुरत असतील तर सिंगापूर, यावर वाद घालू नका, लिंगाणा काय पठारावरून दिसलाच.

नाळेत कोणीही कोणाच्या बरोबर डोक्यावर उभं राहायचं नाही. पायाखालून दगड सुटला, लहान असो मोठा असो, जोरात "दगड!" ओरडायचं, आणि ओरडा ऐकल्यावर वर बघायचं नाही, बाजूच्या कातळाला चिकटायचं. हे आदल्या रात्री त्याच्याकडून म्हणून घ्या, लाजतात लोक ओरडायला. घसाऱ्यावर बुडावर बसून सरकायची नव्यांना हौस असते, त्याने पँट फाटते आणि कंट्रोल राहत नाही, त्यापेक्षा तोंड थोडं बाजूला करून, गुडघा वाकवून, टाच रोवत छोटी छोटी पावलं. मोठ्या दगडावरून उतरताना उडी नाही, बसा, हात टेका, पाय पोचला की मग वजन टाका. वेळ चार-पाच तास सहज जातो, जाऊ दे.

खाली उतरलात की कोकणातलं दमट ऊन लागतं, वरच्या थंडीतून आल्यामुळे ते जास्तच लागतं. तिथून रायगडवाडीकडे अजून बरंच चालणं आहे आणि मग हजारावर पायऱ्या. पाय संपले असतील तर रोपवे आहे, त्याने गेलं म्हणून ट्रेक झाला नाही असं म्हणणाऱ्याला सगळ्यांच्या सॅक उचलायला द्या.

परतीला पाचाडवरून महाड आणि तिथून पुण्या-मुंबईची एसटी, वरंध घाट चालू आहे का ते आधी चेक करा. आणि हिशोब महाड स्टँडवर चहा पिता पिताच पूर्ण करा, जीप, वाटाड्या, मोहरीचं जेवण सगळं वहीत लिहिलेलं दाखवून. नवीन माणूस घरी गेल्यावर "माझे किती झाले" असं विचारायला संकोचतो, आणि तुम्ही आठवड्याने मेसेज टाकलात की त्याला वाटतं आपल्याला जास्त लावले.