पायथनमधून शेलच्या आज्ञा कशा चालवाव्यात, फायली कशा हाताळाव्यात

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक वाढली की अडत दुकानांतल्या संगणकांवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या साचायला लागतात. प्रत्येक पट्टीची एक पीडीएफ. वजन, दर, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम, सगळं तिच्यात. संध्याकाळी या फायलींचा आकार कमी करायचा, त्या गावानुसार फोल्डरांत लावायच्या आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर पाठवायची. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात ही दुसरी प्रत कशाला, असं कुणी विचारत नाही.

अशा कामासाठी मी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहितो आणि तिच्यातून लिनक्सच्या दोन आज्ञा चालवतो: पीडीएफ लहान करायला घोस्टस्क्रिप्ट, प्रत पाठवायला आरसिंक. याबद्दल इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला एकाच वळणाचा असतो: 'ऑस.सिस्टीम' वापरा, आज्ञा स्ट्रिंगमध्ये जोडा, अडलं तर 'शेल=ट्रू' लावा. हा सल्ला चुकीचा आहे. चाचणीच्या दोन-चार फायलींवर तो व्यवस्थित चालतो, म्हणून जास्तच घातक.

लिनक्स आणि पायथन तुमच्याकडे आहे, लूप आणि फंक्शन लिहिता येतात, असं धरून चालतो. आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच टाकायची.

१. जिथे आज्ञा लागत नाही, तिथे देऊ नका

फोल्डर करणं, फाइल हलवणं, कॉपी करणं, पुसणं, यादी काढणं यांतल्या एकाही कामाला शेल (टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) लागत नाही. पाथलिब (पायथन ३.४ पासून) आणि शटिल ही दोन मॉड्यूल पुरेशी आहेत. फाइलची मूळ तारीख टिकवायची असेल तर 'शटिल.कॉपी' नको, 'शटिल.कॉपी२' घ्या. 'ग्लोब' (नमुन्याला जुळणाऱ्या फायली शोधणारं फंक्शन) फायली कोणत्या क्रमानं देईल याची हमी नसते, म्हणून तो 'सॉर्टेड'मध्ये गुंडाळा.

२. आज्ञा यादी म्हणून द्या, स्ट्रिंग म्हणून नको

सगळ्यात जास्त वेळ मला याच टप्प्यानं घेतला, आणि आजही कुणाची बिघडलेली स्क्रिप्ट माझ्याकडे आली की मी आधी हीच ओळ शोधतो.

तुम्ही स्ट्रिंग देऊन 'शेल=ट्रू' लावता तेव्हा पायथन तुमचा प्रोग्राम थेट सुरू करत नाही. आधी शेल सुरू होतं आणि ती स्ट्रिंग त्याच्या हातात जाते. शेल तिचे मोकळ्या जागांवर तुकडे करतं, $ आणि * यांचा विस्तार करतं, & ; ( ) | या चिन्हांना आपापले अर्थ लावतं, आणि मग जे उरेल ते चालवतं. तुमच्या लेखी फाइलचं नाव ही माहिती असते. शेलच्या लेखी तो आज्ञेचाच पुढचा भाग असतो.

आता दुकानात फायलींना लोक खरोखर कशी नावं देतात ते बघा. 'हळद & गूळ.पीडीएफ' हे नाव स्ट्रिंगमध्ये घातलं तर & पर्यंतची आज्ञा अर्धवट नावासह पार्श्वभूमीला सुरू होते, आणि 'गूळ.पीडीएफ' नावाचा प्रोग्राम शोधायला शेल निघतं. तो मिळत नाही, परतीचा कोड (काम जमलं की नाही ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे जमलं) येतो १२७. 'राजापुरी (२ नंबर).पीडीएफ' मध्ये कंस आहेत, तिथे वाक्यरचनेची चूक दाखवून शेल काहीच चालवत नाही. अर्धविराम असलेल्या नावाच्या तर सरळ दोन आज्ञा होतात, आणि दुसरीत 'आरएम' (फाइल पुसणारी आज्ञा) असेल तर तीही चालते. म्हणजे तुमच्या फोल्डरात फाइल टाकू शकणारा कुणीही, नुसत्या नावाच्या जोरावर, तुमच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकतो. शेतकऱ्याच्या पैशांचा पुरावा ज्या यंत्रावर आहे, तिथे हे मला मान्य नाही.

यावर 'नावाभोवती अवतरणचिन्हं घाला' असं सांगितलं जातं. नका घालू. दुहेरी अवतरणात $ आणि ` (बॅकटिक) यांचा विस्तार होतच राहतो. एकेरी अवतरण नावातच असलेल्या एकेरी चिन्हानं फुटतं. 'शलेक्स.कोट' हे फंक्शन हे काम नीट करतं, पण फक्त युनिक्स पद्धतीच्या शेलसाठी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टसाठी ते सुरक्षित नाही.

उपाय साधा आहे. मधलं शेल काढून टाका आणि पायथनच्या 'सबप्रोसेस' मॉड्यूलला थेट यादी द्या:

सबप्रोसेस.रन(["आरसिंक", "-ए", "--", मूळ, मुक्काम], चेक=ट्रू)

यादीतला प्रत्येक घटक म्हणजे तोंड शिवलेलं पोतं. आत काय आहे ते वाटेत कुणी उघडून बघत नाही, जसं भरलं तसं पलीकडे पोचतं. मोकळी जागा, कंस, &, काहीही असू दे. 'रन' पायथन ३.५ पासून आहे. त्याआधीचे 'कॉल', 'ऑस.पीओपन' वगैरे शिकवणारे लेख आता बाजूला ठेवा.

यादी दिली तरी चार ठिकाणी सांभाळा.

यादी आणि 'शेल=ट्रू' कधीही एकत्र लावू नका. लिनक्सवर तसं केलं की फक्त पहिला घटक आज्ञा म्हणून चालतो, बाकीचे शेलचे स्वतःचे पॅरामीटर होऊन बसतात. चूक दाखवली जात नाही. 'एलएस' (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) आणि फोल्डरचं नाव दिलं, तर भलत्याच, म्हणजे चालू फोल्डरची यादी येते आणि माणूस तासभर कोडकडे बघत बसतो.

पर्याय आणि त्याची किंमत हे दोन वेगळे घटक. "-ओ निकाल.पीडीएफ" असं एकाच अवतरणात घातलं तर मधल्या मोकळ्या जागेसकट तो एकच शब्द धरला जातो.

शेल नाही म्हटल्यावर * आणि ~ यांचा विस्तारही नाही. फायलींची यादी 'ग्लोब'नं काढा, घरचं फोल्डर 'पाथ.होम'नं मिळवा.

चौथी गोष्ट सांगणारे कमी भेटतात. शेल गेलं तरी ज्या प्रोग्रामला तुम्ही नाव देता तो स्वतः त्याचा अर्थ लावू शकतो. नावाची सुरुवात - नं झाली तर तो पर्याय समजला जातो. 'सौदा १०:३०' सारख्या नावातल्या : च्या आधीचा भाग आरसिंकला दूरच्या संगणकाचं नाव वाटतो. म्हणून माझा नियम असा की बाहेरच्या प्रोग्रामला नेहमी / पासून सुरू होणारा पूर्ण मार्ग द्यायचा, 'पाथ.रिझॉल्व्ह' तो काढून देतं. सुरुवातीला / आला की - चा प्रश्न मिटतो, आणि : च्या आधी / असला की आरसिंक ते नाव याच संगणकावरचं धरतो. घोस्टस्क्रिप्टच्या निकालफाइलीत % चिन्ह मात्र अशानंही सुटत नाही, कारण तो तिथे पानाचा क्रमांक भरायला बघतो. त्याचा उपाय पाचव्या टप्प्यात आहे.

एसएसएचवरून (दूरच्या संगणकाशी जोडणारा प्रोग्राम) पलीकडे आज्ञा चालवत असाल तर यादीचं संरक्षण अलीकडेच संपतं. एसएसएच सगळे घटक मोकळ्या जागेनं जोडतो आणि पलीकडच्या शेलला देतो. तिथे, आणि जवळजवळ तिथेच, 'शलेक्स.जॉइन' (३.८ पासून) वापरा.

पाइप (एका आज्ञेचा निकाल थेट दुसरीला देणं) हवा म्हणून शेल लागतं, हेही कारण सहसा टिकत नाही. पहिल्या आज्ञेचा निकाल पायथनमध्ये घ्या आणि गाळणं, मोजणं, लावणं पायथनमध्येच करा. शेलच्या पाइपमध्ये साधारणपणे शेवटच्या आज्ञेचाच कोड हाती येतो. पहिली कोसळली तरी सगळं ठीक दिसतं.

३. परतीचा कोड तपासा

यार्डातल्या एका दुकानात अशीच एक स्क्रिप्ट रोज रात्री 'प्रत पाठवली' असं लिहीत असे. पलीकडची डिस्क भरलेली होती. आरसिंक रोज चुकीचा कोड परत देत होता आणि तो कुणी वाचत नव्हतं. एका शेतकऱ्याची जुनी पट्टी शोधायची वेळ आली तेव्हा हे उघडकीला आलं.

'रन' स्वतःहून तक्रार करत नाही. 'चेक=ट्रू' लिहिलं तरच शून्याशिवायच्या कोडवर तो अपवाद उठवतो. ते प्रत्येक वेळी लिहा. काही प्रोग्रामांत शून्याशिवायचा कोड म्हणजे बिघाड नसतो, तेवढे प्रोग्राम माहीत हवेत: ग्रेपचा १ म्हणजे काही सापडलं नाही, डिफचा १ म्हणजे फायली वेगळ्या आहेत, आरसिंकचा २४ म्हणजे काम चालू असताना काही मूळ फायली नाहीशा झाल्या. तिथे 'चेक' काढून 'रिटर्नकोड' स्वतः तपासा. कोड ऋण आला, समजा -९, तर त्या प्रोग्रामला त्या क्रमांकाच्या सिग्नलनं मारलं आहे. मेमरी संपली होती का ते आधी बघा.

आणि 'एक्सेप्ट: पास' लिहून अपवाद गिळू नका.

४. निकाल वाचणं

'कॅप्चर_आउटपुट=ट्रू' आणि 'एन्कोडिंग="यूटीएफ-८"' एवढं पुरतं. लटकू शकणाऱ्या आज्ञेला 'टाइमआउट' द्या. 'सबप्रोसेस'चं 'पीओपन' घेऊन पाइप लावून नुसतं 'वेट' केलंत तर लिनक्सचा पाइप साधारण ६४ केबी भरल्यावर स्क्रिप्ट आणि प्रोग्राम दोघंही एकमेकांची वाट बघत थांबतात; तिथे 'कम्युनिकेट' वापरा.

५. तात्पुरत्या नावानं लिहा, मग जागेवर आणा

घोस्टस्क्रिप्टला निकाल थेट अंतिम नावानं लिहू देऊ नका. मध्येच वीज गेली तर अर्धी फाइल पुऱ्या नावानं बसलेली असते आणि दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट ती 'झालेली' धरून पुढे जाते. त्याच फोल्डरात साधं रोमन नाव असलेली तात्पुरती फाइल करा, निकाल तिच्यात घ्या, कोड शून्य आला आणि आकार शून्य नाही हे बघा, मग 'ऑस.रिप्लेस'नं तिला अंतिम नाव द्या. हा बदल एका झटक्यात होतो: नावाखाली जुनी फाइल तरी असते नाहीतर नवी, मधलं काही नसतं. % चा प्रश्नही इथेच सुटतो, कारण अंतिम नाव घोस्टस्क्रिप्टला दिसतच नाही.

तात्पुरती फाइल त्याच डिस्कवर हवी. वेगळ्या डिस्कवरून 'ऑस.रिप्लेस' चालत नाही. 'शटिल.मूव्ह' चालतं, पण ते आतून कॉपी करून मूळ पुसतं, म्हणजे तो एका झटक्याचा बदल राहत नाही. मूळ पट्टी पुसायची ती पलीकडची प्रत पोचल्याची खात्री झाल्यावरच, त्याआधी कोणत्याही कारणासाठी नाही.

६. मराठी नावं

इंग्रजीतले मार्गदर्शक इथपर्यंत येत नाहीत, आणि आपलं काम नेमकं इथे अडतं.

पहिलं, लांबी. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. 'हिशोबपट्टी' डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, त्यांची दहा चिन्हं आणि ३० बाइट होतात. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, माल आणि तारीख एकाच नावात कोंबली की मर्यादा लवकर गाठली जाते.

दुसरं, 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द. त्यातला ऱ्य तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे एकच चिन्ह घेऊन, र आणि नुक्ता वेगळे घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे असतात. एका कीबोर्डवरून तयार झालेलं फोल्डर दुसऱ्या कीबोर्डवरून लिहिलेल्या स्क्रिप्टला सापडत नाही, आणि समोर फोल्डर दिसत असताना 'अशी फाइल नाही' असा संदेश येतो. पहिले दोन प्रकार 'युनिकोडडेटा.नॉर्मलाइज'च्या एनएफसी (युनिकोडनं ठरवलेल्या एका प्रमाण) रूपानं एक होतात. तिसरा होत नाही. र, हलन्त, जोडक ही तिन्ही चिन्हं शोधून त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त स्वतः घालावे लागतात. नावं जुळवताना दोन्ही बाजूंना हे करा. डिस्कवरची नावं मात्र आपल्या मनानं बदलू नका, दुकानातली बाकीची सॉफ्टवेअर त्याच नावांवर चालतात.

७. क्रॉनवर लावणं

क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारा प्रोग्राम) मध्ये 'पाथ', म्हणजे आज्ञा जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, आखूड असतो, म्हणून टर्मिनलवर सापडणारी आज्ञा तिथे सापडेलच असं नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'शटिल.विच'नं घोस्टस्क्रिप्ट आणि आरसिंक दोन्ही तपासा, नसतील तर तिथेच थांबा. क्रॉनच्या ओळीत % म्हणजे नवी ओळ, त्याच्या आधी \ द्या. कालचं काम संपलं नसताना आजचं सुरू होऊ नये म्हणून आज्ञेपुढे 'फ्लॉक -एन' लावा.

क्रॉनची ओळ घालण्याआधी चाचणीचं एक फोल्डर करा आणि त्यात मुद्दाम वाकडी नावं टाका: एक & असलेलं, एक कंसाचं, एक - नं सुरू होणारं, एक : चं, एक % चं, आणि तिन्ही प्रकारच्या ऱ्य ची तीन. स्क्रिप्ट चालवा, मग दोन्हीकडच्या फायली मोजा. संख्या जुळली आणि पलीकडची प्रत्येक पीडीएफ उघडली, की ओळ घाला.