एल्फचा कप वेगळा ठेवा

माझ्या पहिल्या फँटसी कादंबरीच्या खर्ड्यात भर राजसभेत एक एल्फ (परीकथांतल्या टोकदार कानांच्या, शेकडो वर्षं जगणाऱ्या जमातीतला) उठतो आणि गरजतो, "मानवांनो, मी तुमचा द्वेष करतो!" मग सेनापती उठून तेच एल्फांबद्दल म्हणतो. अशी चाळीस पानं. मैत्रीण मोठ्याने वाचायला बसली आणि तिसऱ्या पानाला तिला हसू आवरेना. म्हणाली, "भांडतायत ते ठीक आहे गं, पण ह्यांचं रोजचं काय? एकमेकांकडे चहा तरी पितात का?"

चहावरून आजीचं स्वयंपाकघर आठवलं. खिडकीच्या कट्ट्यावर कान तुटलेला एक कप कायम उपडा असायचा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. चहा झाला की त्याच तो विसळायच्या, त्याच उपडा घालायच्या. आजी दुष्ट नव्हती. मावशींच्या मुलीची शाळेची फी ती भरायची. पण त्या कपाबद्दल आमच्या घरात कुणी एक अक्षर बोललेलं मला आठवत नाही. मीही नाही.

तेव्हा काल्पनिक जगातल्या दोन जमातींमधला पूर्वग्रह लिहायचा असेल, तर खर्ड्यातला 'द्वेष' हा शब्द आधी खोडा आणि तुमच्या त्या जगातला तो कप शोधा. माझ्या खानावळीत एल्फला लाकडी वाडग्यात वाढतात, बाकीच्यांना लोखंडी ताटलीत. का? तर "त्यांना लोखंड सोसत नाही." (परीलोकांना लोखंड चालत नाही ही युरोपातली जुनी लोकसमजूत, मी ती उचलली.) गंमत अशी की आमच्या गावातला लोहारच एल्फ आहे. कारण असं तयार ठेवा: ऐकायला काळजीचं आणि कुणीच कधी तपासून न पाहिलेलं.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक हत्यार फुकट मिळालंय, ते म्हणजे तू आणि तुम्ही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे चारशे वर्षांचा एल्फ सत्तर वर्षांच्या पाटलाला "अरे बाळ" म्हणतो, आणि त्याच एल्फला पाटलाचा बारा वर्षांचा नातू "ए, इकडे ये" म्हणतो. दोघांनाही आपलं काही चुकतंय असं वाटत नाही. पानभर इतिहास सांगण्यापेक्षा एवढं पुरे. आणि मग कुणीतरी एकदाच, चुकून, "अहो" म्हणतं तेव्हा वाचक कान टवकारतो.

शिव्यांवर मात्र वेळ घालवा. टॉल्किन ह्या इंग्रज फँटसी लेखकाच्या 'सिल्मरिलियन' ह्या पुस्तकात एल्फांनी माणसांना ठेवलेली नावं आहेत: आजारी, जड हाताचे, रात्रीला भिणारे. वरवर नुसतं वर्णन, पण प्रत्येकात नाक मुरडलेलं. 'ड्रॅगन एज' ह्या गेममध्ये माणसं एल्फांना जे म्हणतात त्याचं मराठी 'सुरीकान्या' होईल. मी बरेच दिवस 'क्षणभंगुर' वगैरे घेऊन बसले होते. फार संस्कृत, शिवी वाटेचना. शेवटी आमच्या ऑफिसातल्या एका नोटिशीवर शब्द सापडला: हंगामी. माझे एल्फ माणसांना 'हंगामी' म्हणतात. "त्याला कशाला शिकवतोस, हंगामी आहे तो." पण सगळ्यात जास्त लागतं ते कौतुक. "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस हो!" हे वाक्य मी खऱ्या हळदीकुंकवात ऐकलंय. ते जसंच्या तसं वापरा.

आता आयुष्याचा हिशोब. नवे लेखक इथेच आळस करतात. तीनशे वर्षांपूर्वीची लढाई माणसाला बारा पिढ्या मागची. त्याच्यासाठी ती पोवाड्यात आहे. एल्फचा भाऊ त्या लढाईत त्याच्या डोळ्यांदेखत गेला. एक म्हणतो "झालं गेलं विसरा", दुसरा म्हणतो "परवा तर झालं." ह्यातून कायदे काढा. मुंबईत पागडीच्या खोल्या पाहिलेल्यांना हे पटकन कळेल: भाडेकरू आठशे वर्षं मरणारच नसेल तर घरमालकाची झोप उडेल की नाही? म्हणून माझ्या शहरात नियम आहे, एल्फला वीस वर्षांच्या वर जागा भाड्याने द्यायची नाही. मालकाच्या बाजूने पाहिलं तर अगदी रास्त. एल्फच्या बाजूने पाहिलं तर त्याने आजवर सोळा वेळा घर बदललंय आणि प्रत्येक अंगणात लावलेलं झाड मागे सोडलंय. ते झाड दाखवा.

एक धोका मात्र इथेच आहे. एल्फ म्हणजे अमुक जात आणि मानव म्हणजे तमुक, अशी जोडी लावू नका. एल्फ खरंच हजार वर्षं जगतो, त्याला खरंच लांबचं ऐकू येतं. मावशींमध्ये आणि आजीमध्ये असा काडीचाही फरक नव्हता. जोडी लावलीत की त्या कपाला तुम्ही नकळत सबब पुरवता. मी घेतली ती फक्त कपाची रीत, माणसं नाही.

आणि पूर्वग्रह फक्त खलनायकांना वाटून टाकू नका. टॉल्किनच्याच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या कादंबरीत प्रवाशांची एक टोळी लोथलॉरिएन ह्या एल्फांच्या वनाच्या सीमेवर पोचते. तिथला एल्फ पहारेकरी म्हणतो, टोळीतला गिमली (तो 'ड्वार्फ', म्हणजे बुटक्यांच्या जमातीतला) आत येईल तर डोळ्यांवर पट्टी बांधून. टोळीतल्याच लेगोलासला, तो स्वतः एल्फ, ह्यात फारसं वावगं दिसत नाही. मग अ‍ॅरागॉर्न (टोळीचा म्होरक्या, माणूस) म्हणतो, बांधायची तर सगळ्यांच्या बांधा, लेगोलासच्याही. तेव्हा मात्र लेगोलास चिडतो. लेगोलास आपल्याला आवडतो, म्हणूनच ते दृश्य बोचतं. तुमच्या कथेतल्या सगळ्यात लाडक्या पात्राच्या हातात कप द्या.

राजसभेची चाळीस पानं मी फाडली. त्या जागी आता दीड पान आहे. खानावळवाली भिमक्का नव्या पोरीला काम समजावते: चूल इथे, सरपण तिथे, मीठ वरच्या फळीवर. पोरगी लाकडी वाडगा उचलून ताटल्यांच्या चळतीवर ठेवते. भिमक्का काही न बोलता तो उचलते, खिडकीत उपडा घालते, आणि पुढे सांगते, "दुधाचं भांडं झाकायला विसरू नकोस, मांजर येतं."