दातांना तारा लावल्यावर जबडा 'कट्' वाजतो? या चुका टाळा

"जांभई दिली की कानापाशी कट् वाजतं. तारांमुळेच ना?" नववी-दहावीतल्या मुलांच्या आया हमखास विचारतात. मी मुलालाच सांगतो, स्वतःची तीन बोटं एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये घाल. बोटं गेली, हनुवटी सरळ खाली आली आणि दुखलं नाही, तर नुसत्या आवाजासाठी तारा काढायच्या नसतात. कानापुढच्या जबड्याच्या सांध्यातली मऊ चकती थोडी सरकली की असा आवाज येतो, आणि तो तारा नसलेल्या मुलांतही सर्रास ऐकू येतो. उलट 'तारा लावल्या की कट्‌कट् थांबेल' म्हणून पैसे भरू नका. दात सरळ होतील, आवाजाची हमी नाही.

खरा घोळ रबरांचा, म्हणजे वरच्या-खालच्या तारांना अडकवायच्या छोट्या रबरी कड्यांचा. जेवताना काढलेली रबरं टिशूत गुंडाळून डब्याच्या खरकट्याबरोबर कचऱ्यात जातात. मग चार दिवस सुट्टी आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री एकावर एक दोन-दोन चढवायची! त्याने दात लवकर सरकत नाहीत, दात आणि जबडा ठणकतो मात्र नक्की. एका बाजूचं हरवलं म्हणून दुसऱ्याच बाजूचं लावून फिरणारेही असतात.

खालचा जबडा मागे असेल तर तो पुढे आणायला ट्विन ब्लॉक, म्हणजे तोंडात घालायचं दोन तुकड्यांचं काढता येणारं उपकरण देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली तो काढला. वरचा आणि खालचा तुकडा सुटा ठेवला, तो बोलता-जेवता यावं म्हणूनच. आपल्याकडे मुलं मात्र तो फक्त रात्रीच घालतात! पहिल्या आठवड्यात कानापुढचे स्नायू अवघडतात. तेव्हा मऊ भात-वरण खा, ऊस-चिक्की बंद. ब्लॉक मात्र काढू नका. आणखी एक फसगत म्हणजे मूल सवयीने जबडा पुढे सरकवून तोंड मिटतं, घरच्यांना वाटतं काम झालं. जबडा खरंच पुढे आलाय का, हे डॉक्टरांनाच तपासू द्या.

धावपळ करायची ती इथे: नेहमीचा आवाज एकाएकी बंद झाला आणि तोंडात जेमतेम दोनच बोटं जाऊ लागली, तर चकती अडकलेली असू शकते. जोर लावून तोंड उघडायला लावू नका, त्याच दिवशी फोन करा. हनुवटी हळूहळू एका बाजूला चाललीय पण दुखत नाही, तरी दाखवाच. मुलांचा संधिवात या सांध्यात कधीकधी न दुखताही येतो.

म्हणून तारा बसवायच्या आधीच तोंड उघडतानाचा समोरून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. पुढे तक्रार आली की तो मला दाखवा.