उपासनेत साक्ष द्यायची आहे? मोठेपणा न मिरवता ती कशी तयार करावी

साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते चर्चमधल्या मंडळीपुढे सांगणं. ती द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाचा सूर बहुधा नम्रच असतो. मान खाली, आवाज हळू, आणि सुरुवातीलाच "मी तर काहीच नाही". गडबड होते ती मजकुरात. पाचातली चार मिनिटं स्वतःचीच आणि प्रभूच्या वाट्याला शेवटचं एक वाक्य! म्हणून नम्रतेचं काम पुढे येण्याआधीच, कागदावर उरकायचं.

आधी वेळ ठरवा. उपासनेत तीन ते पाच मिनिटं भरपूर झाली. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे तीनशे ते पाचशे शब्द लिहा, त्याहून जास्त नको. घटना एकच निवडा. बालपणापासून सुरुवात केली की मूळ गोष्टीपर्यंत पोचेतो पाळक घड्याळाकडे बघायला लागतात.

मांडणीचे तीन भाग जुनेच आहेत: आधी काय होतं, प्रभूने काय केलं, आता काय वेगळं आहे. पाच मिनिटं असतील तर पहिल्याला एक आणि पुढच्या दोघांना दोन-दोन द्या. जुन्या पापाचं नाव घ्या, वर्णन करू नका. "दारूचं व्यसन होतं" एवढं सांगितलं की कळतं; बाटल्यांचा आणि मारामाऱ्यांचा हिशेब सुरू झाला की ऐकणाऱ्यांना तोच भाग आठवतो. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे 22 आणि 26 हे अध्याय या दृष्टीने शेजारी ठेवून वाचा. प्रेषित होण्याआधी पौलाने येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांचा छळ केला हे तो दोन्हीकडे सरळ सांगतो. लपवत नाही, रंगवतही नाही. यरुशलेमच्या यहुदी जमावापुढे तो गमलिएल या यहुदी गुरूपाशी झालेल्या शिक्षणाचा आणि त्याला पुन्हा दृष्टी मिळाली तेव्हा भेटलेल्या हनन्याचा उल्लेख करतो, तर अग्रिप्पा राजापुढे हनन्या येतच नाही. ऐकणारे बदलले तसा तपशील बदलला, घटना तीच राहिली. तुम्हालाही एवढीच मोकळीक आहे.

मसुदा झाला की पेन्सिल घ्या. ज्या वाक्यांत काम करणारा "मी" आहे त्यांखाली रेघ ओढा. जिथे प्रभू किंवा दुसरं कुणी काही केलं, तिथे गोल करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात रेघाच जास्त दिसल्या, तर ते भाग पुन्हा लिहा. उदाहरणार्थ, हे वाक्य बघा:

"मी रोज पहाटे चारला उठून प्रार्थना केली, एकवीस दिवस उपास केला, आणि माझा विश्वास पाहून प्रभूने मुलाला बरं केलं."

यात प्रभू आहे, पण मजुरी चुकती करणाऱ्या मालकासारखा. ज्यांचं मूल उपास-प्रार्थना करूनही गेलं, तेही समोर बसलेले असतात. त्यांच्या कानांवर हे वाक्य आरोपासारखं पडतं. तीच हकिगत अशीही सांगता येते:

"मुलगा दवाखान्यात होता, उपचार चालू होते. मला प्रार्थनाही सुचेना. मंडळीतली माणसं येऊन माझ्यासाठी प्रार्थना करून गेली. मुलगा बरा झाला, त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानते. पण तो बरा होण्याआधीच प्रभूने मला एकटं सोडलेलं नाही, हे मला कळलं होतं."

आजाराच्या साक्षीत डॉक्टर आणि औषधं गाळू नका. "डॉक्टरांनी हात टेकले होते" हे त्यांनी खरंच तसं म्हटलं असेल तरच बोला. औषधं बंद केल्याचं कौतुक तर कधीच नको. ऐकणारा कुणी उद्या आपल्या गोळ्या थांबवेल. "प्रभू मला म्हणाला" हेही जपून वापरा. बायबलचं वचन वाचताना मनात एखादी गोष्ट ठसली असेल, तर तसंच सांगा.

"सगळं गौरव देवाला" असं सुरुवातीला म्हटलं की पुढची बढाई धुऊन निघते, हा गैरसमज. बायबलमध्ये लूक 18 मधल्या परूश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याची, प्रार्थनाही देवाचे आभार मानूनच सुरू होते. मग आठवड्यातले दोन उपास आणि दशमांश येतात, आणि त्याआधी शेजारी उभ्या जकातदारावर ताशेरा. नव्या घराच्या, बढतीच्या साक्षीत हा सापळा हमखास असतो. अशा वेळी रक्कम, पद आणि "इतरांना मिळालं नाही" हे शब्द काढून टाका. साक्षीत काही उरलं नाही, तर ती द्यायची नव्हती.

जे सुटलेलं नाही तेही असू द्या. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, आणि त्याने ते करिंथच्या मंडळीला लिहून कळवलं. रागावर अजून ताबा नसेल तर "राग पूर्ण गेला" म्हणू नका. घरचे लोक पहिल्याच बाकावर असतात! त्यांच्याबद्दल काही सांगायचं असेल तर मसुदा आधी त्यांना वाचून दाखवा. नवऱ्याचं व्यसन किंवा मुलीचं मोडलेलं लग्न ही त्यांची गोष्ट आहे. ते नको म्हणाले तर तो भाग गाळायचा.

मंडळीबाहेर, एकाशी एक बोलताना नियम आणखी कडक. पेत्राच्या पहिल्या पत्रातला सल्ला (3:15) विचारणाऱ्याला उत्तर द्यायचा आहे, तेही सौम्यतेने आणि आदराने. म्हणून आधी समोरच्याचं ऐका, आणि "सांगू का?" असं विचारून दोन मिनिटांत आटपा. "रक्ताने धुतलो", "तारण झालं" असे मंडळीतले शब्द त्याला परके असतात. काय बदललं ते साध्या बोलीत सांगा. त्याच्या श्रद्धेशी तुलना नको. हाताखालचा कर्मचारी किंवा खाटेवरचा रुग्ण तुम्हाला सहज नाही म्हणू शकत नाही, तिथे आपणहून विषय काढू नका. अडचणीचा प्रश्न आला तर योहान 9 मधला बरा झालेला आंधळा आठवा: येशू पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच तो म्हणाला.

साक्ष संपल्यावर लगेच जागेवर बसा. शेवटी छोटा उपदेश जोडायचा मोह आवरा. कुणी कौतुक केलं तर "धन्यवाद" पुरे, "छे, मी कुठला" म्हणत लांबण लावू नका. रेकॉर्डिंग पुढे पाठवायचं असेल, तर त्यात ज्यांचा उल्लेख आहे त्यांना पुन्हा विचारा: मंडळीत सांगायला दिलेली परवानगी इंटरनेटसाठी चालत नाही.