बायझंटाईन सरहद्दीचा अभ्यास कुठून सुरू करावा?

बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल. त्याच्या सरहद्दीसाठी मी सुरुवात केली ती 'दिगेनिस अक्रितास' या ग्रीक वीरकाव्यापासून. बाप अरब अमीर, आई बायझंटाईन सेनापतीची लेक, आणि हा पठ्ठ्या एकटाच शत्रूंच्या टोळ्या लोळवतो. मी भारावून गेले आणि वर्षभर टिपणं काढली ती शौर्याचीच. पुढे ती बहुतेक बाजूला ठेवावी लागली.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना सांगते, काव्य नंतर वाचा. आधी दहाव्या शतकातली, सम्राट निकेफोरस फोकासच्या नावाशी जोडलेली चकमकींवरची युद्धपुस्तिका घ्या. तिच्यात आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या टॉरस डोंगरातला, अरबांच्या स्वाऱ्यांवरचा रोजचा पहारा दिसतो. तीन-चार मैलांवर एकेक टेहळणीची चौकी, पंधरा दिवसांनी पाळी बदलायची. तुडवलेलं गवत आणि टापांचे ठसे बघून शत्रू किती असेल ते ताडायचं. खबर आली की गावकरी आणि गुरंढोरं डोंगरातल्या गढ्यांत हलवायची. शत्रू आत शिरताना शक्यतो झुंजायचं नाही. लूट लादून परत निघाला की खिंडीत गाठायचा. मराठी वाचकाला गनिमी कावा आठवणारच, मलाही आठवला. पण त्या साम्यावर फार रेंगाळू नका. परतीच्या वाटेवर गाठायचं, तर तोवर आपलीच शेतं जळताना बघावी लागतात. हे मला फार उशिरा उमगलं.

शेजारी नकाशा हवाच. सरहद्दीवरच्या अरबांच्या शहरांपैकी मेलितेनी ९३४ मध्ये आणि तार्सस ९६५ मध्ये बायझंटाईनांच्या हाती आलं, आणि सरहद्द पुढे सरकली.

'अक्रा' म्हणजे टोक, कड; त्यावरून 'अक्रितेस', सीमेवरचे लोक. पण दहाव्या शतकातली पूर्व सरहद्द आणि तेराव्या शतकातलं बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानाचा वायव्य भाग) एकाच वहीत लिहू नका. तीनशे वर्षांचं अंतर आहे. बिथिनियाकडच्या डोंगराळ सरहद्दीवरच्या शिपायांना निकायाच्या सम्राटांनी (१२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल क्रूसेडरांकडे गेल्यावर बायझंटाईन दरबार निकाया शहरात होता) करमाफी दिली होती, जमिनी दिल्या होत्या. १२६१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल परत मिळालं आणि दरबाराचं लक्ष पश्चिमेकडे वळलं. सम्राट मायकेल आठव्याच्या अधिकाऱ्यानं या लोकांच्या मिळकतीची मोजदाद केली, वर्षाला चाळीस नाणी त्यांच्याकडे ठेवली आणि बाकीचं उत्पन्न खजिन्याकडे वळवलं. पाखिमेरिस या इतिहासकारानं हे नोंदवलंय. तेवढा भाग सावकाश वाचा, आणि मग १३०२ची बाफेउसची लढाई उघडा. तिथं बायझंटाईनांविरुद्ध उस्मान, म्हणजे ऑटोमन घराण्याचा संस्थापक, जिंकला.