कुदळ नको, टेप आणा

नववीची पोरं सिंहगडावर नेली की एक प्रश्न ठरलेला: "सर, इथं खणलं तर काय सापडेल?" उत्तर तिथल्या तिथं द्या, खणायचं नाही. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. शिवाय १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची चीजवस्तू सापडली, तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये ऐकून वर्ग हसतो. हसू द्या, कायदा लक्षात राहतो.

तानाजींची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, पिठलं-भाकरी हे सगळं होईलच. त्यातून दोन तास काढा आणि मोजून नकाशा काढायला एकच जोतं, म्हणजे पडक्या इमारतीचा पाया, निवडा. फेब्रुवारीत गेलेलं बरं. पावसाळ्यातलं गवत तोवर वाळून बसतं आणि दगडांच्या रांगा उघड्या पडतात. सोबत तीस मीटरची टेप, होकायंत्र, पट्टी, आलेखवही. एखादे पालक ड्रोन आणू का विचारतात. नको म्हणा, मग मुलं नुसती आकाशाकडे बघत बसतात.

दोघं टेप धरतील, तिसरा आकडा वाचेल, चौथी तो मोठ्यानं परत म्हणून मगच लिहील. चारी बाजू झाल्या की मुलांना काम संपल्यासारखं वाटतं. तेव्हा कर्ण मोजायला लावा. समोरासमोरच्या बाजू जुळल्या आणि दोन्ही कर्णही सारखे आले, तर जोतं गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. फरक पडला तर टेप ताणून पुन्हा मोजा. तरीही पडला, तर जोतं वाकडंच काढा. वहीत सरळ करून देणारी हुशार मुलं असतातच, त्यांच्यावर डोळा ठेवा. नकाशाला एका मीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण पुरे.

मग दगडांशी उकिडवं बसवा. छिन्नीचे घाव कुठल्या बाजूनं आलेत? सांध्यात चुना आहे की दगड कोरडेच रचलेत? चौकोनी खळगा दिसला तर तिथं लाकडी खांब असावा. जवळ पाण्याचं खोदीव टाकं असेल तर एवढंच विचारा, "यातला दगड कुठं गेला?" थोड्या वेळानं कुणीतरी तटाकडे बोट दाखवतं.

खापर दिसलं तर उचलायचं नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा नकाशावर टिंबानं दाखवा. कारण सांगायला आपल्याच पुणे जिल्ह्यातलं इनामगाव आहे, प्राचीन वस्तीचं ठिकाण. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवलेली. कुणी आधीच एक रांजण उचलून नेला असता, तर उरलेलं नुसतं मडकं ठरलं असतं.

नकाशावर उत्तर दिशा, तारीख आणि मोजणाऱ्यांची नावं हवीतच. स्वतःचं नाव लिहायचं म्हटलं की पोरं न सांगता आकडे पुन्हा तपासतात.